हार्टचं सांग

मधूभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेतून घरी आले होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. फोन माझ्या नवऱ्याचा, लातूरहून. धाकट्या भावाकडे, म्हणजे मधूभाऊजींकडेच, तो आदल्याच दिवशी गेला होता. "मधू गेला," म्हणाला आणि त्याच दमात पुढे, "कुणी विचारलं तर हार्टचं सांग." मला अजून रडू फुटलं नव्हतं, पण लोकांना काय सांगायचं ते ठरलं होतं. मीही महिनाभर तेच सांगितलं, शेजारणींना, शाळेत, दळणाला गेले तिथेही. आता कंटाळा आलाय. माझा दीर गोळ्यांनी गेला. दुखण्याच्या गोळ्यांनी. आणि याची सुरुवात कुठून धरायची, हे मला अजून कळत नाही...

भाऊजी लाईनमन. रेणापूरकडे खांबावरून पडले आणि कमरेला जबर मार बसला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की माणूस हसत उठून बसायचा. पुढे कंबर बरी झाली, गोळ्या मात्र राहिल्या. चिठ्ठी जुनी झाली तरी मेडिकलवाला ओळखीचा, तो द्यायचा. याला व्यसन म्हणावं हे कुणाला सुचणार? आमचे सासरे दारूपायी गेलेले, त्यामुळे आमच्या घरात व्यसन म्हणजे वास. भाऊजी कामावरून आले की सासूबाई पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ जायच्या, हळूच त्यांचं तोंड हुंगायच्या आणि वास नाही म्हटल्यावर देवापुढे साखर ठेवायच्या. "माझा मधू सुपारी बी खात न्हाई," असं गल्लीभर सांगायच्या. मी लातूरला गेलेली असले की भाऊजी माझ्याकडे बघून गालात हसायचे. तो साखरेचा प्रसाद मीही कितीदा खाल्लाय.

कळलं ते गोळ्या मिळेनाशा झाल्यावर. घाम काय, ओकाऱ्या काय, हातपाय थरथरायला लागले. मग घरात एकेकाचं शहाणपण सुरू झालं. चुलत्यांनी थोबाडीत दिली. सासूबाईंनी भाऊजींना त्यांच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती शपथ मोडली तेव्हा भाऊजी जसे खचले, तसे गोळ्यांनीही खचले नव्हते. लेकीच्या नजरेला नजर देईनात. शेवटी रेखाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, कुणाला न विचारता त्यांना नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. आणि माणूस खरंच बरा होऊन आला हो! गाल भरलेले, चेष्टा पहिल्यासारखी. "वहिनी, तुमच्या भाजीत मीठ नसतंय हे मला आता कुठं कळालं," म्हणाले. मी लटकंच रागावले आणि आत जाऊन रडले.

आपल्याकडे आनंद झाला की सत्कार सुचतो. गणेश मंडळाने शाल-नारळ दिलं, हातात माईक दिला. भाऊजी बोलले चांगलं. मग शाळा झाल्या, कॉलेजं झाली, पार हिमायतनगरपासून बोलावणी यायला लागली. पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या, अगदी हात लाल होईपर्यंत. केंद्रवाल्यांनी तर त्यांचा मोठा फोटो करून दारातच लावला. सासूबाईंनी पुन्हा साखर वाटली.

दिवाळीला ते उदगीरला आमच्याकडे आले होते. आम्ही दोघं गच्चीवर चकल्या खात बसलो होतो, रेखाची टर उडवणं चाललं होतं. मध्येच म्हणाले, "वहिनी, माझं परत चालू झालंय."

हातातली चकली मी ताटलीत ठेवली. म्हटलं, उद्याच नांदेडला जाऊ, मी येते सोबत. त्यांनी मान हलवली. "कसा जाऊ? दारातच माझा फोटो हाय. नव्या आलेल्या पोरांना त्योच दाखवत्यात."

मी भांडले. फोटो काढायला लावू म्हटलं, दुसरं केंद्र बघू म्हटलं. दिवाळी होऊ द्या, एवढंच म्हणाले, आणि दिवाळीनंतर ते जाणं राहूनच गेलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, नाटकं करतोय, एवढा मान मिळालेला माणूस परत कशाला खाईल? त्याचा मला रागही धड येत नाही, कारण भावावर तो जीव टाकायचा. थोबाडीत दिली ते चुकलं, हे मला पटतं. पण मग टाळ्याही चुकल्या का? मारायचं नाही, मिरवायचं नाही, तर घरच्यांनी करायचं तरी काय? की काहीच न करता नुसतं जवळ बसायचं होतं? विचार करून करून डोकं भणभणतं...

गेल्या आठवड्यात लातूरला रेखाकडे गेले होते. भाऊजींचा मोबाईल तिने अजून बंद केलेला नाही, रोज चार्ज करते. कार्यक्रमात हा नंबर माईकवरून सांगायचे म्हणे. आम्ही जेवत असताना तो वाजला आणि तिने डाव्या हाताने स्पीकर लावला. कुणी पुरुष होता, आवाज दबका. सरांशी बोलायचं होतं त्याला. सरांचं भाषण ऐकून सोडलं होतं, आता परत सुरू झालंय, घरी कुणाला माहीत नाही, सर आहेत का?

रेखाने माझ्याकडे पाहिलं. हार्टचं सांग, असं मी तिला खुणावणारच होते, सवयच लागलीय.

"ते गेले, भाऊ," ती म्हणाली. "त्यांचं बी परत चालू झालं होतं. लाजंपायी पुन्हा केंद्रात गेले न्हाईत." आणि लगेच, "तुमी जा. लोक काय म्हणायचं ते म्हणू द्या, तुमी जावा."

पलीकडून काहीच आवाज येईना, पण फोन कापलेला नव्हता. रेखाचा जेवता हात तसाच वाळून गेला. तिनेही फोन ठेवला नाही.