फळ्यावरचं नाव

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या वाचनालयात इंटरनेटवर अश्लील पानं अडवणारा फिल्टर हवाच, हा ग्रंथपाल म्हणून माझा हट्ट. ज्याच्या कॉम्प्युटरवर पान अडेल, त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, हा नियमही माझाच.

दुपारी दापोऱ्याहून येणाऱ्या एका मुलीचं नाव लिहिलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मी काही गलत नव्हते पाहत. आईच्या छातीत गाठ आहे. डॉक्टर काय बोलले, ते समजलं नाही, तेच शोधत होते."

मी घाईघाईने नाव पुसलं. "बस, मी शोधून देते," म्हटलं.

"राहू द्या मॅडम," म्हणून ती निघून गेली.

फिल्टर तर मशीन आहे. पण खडू उचलण्याआधी तिला विचारायला मला तोंड नव्हतं का हो?