डोळे मिटून बोलणारे बिराप्पाअण्णा

बिराप्पाअण्णा खुर्चीत बसायचे, माईक हातात घ्यायचे आणि आधी डोळे मिटायचे. बायकांच्या तब्येतीवर बोलताना पुरुषाची नजर बायकांवर नसावी, असं त्यांचं म्हणणं. सीमेपलीकडच्या निंबर्गा गावात या मर्यादेचं फार कौतुक होतं. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आता ते नाहीत म्हणून मी गोड बोलणार नाही.

मी तिथे उपकेंद्रात नर्स होते. गावातल्या वजनदार माणसांनी बाळंतपण, दोन मुलांतलं अंतर, नसबंदी याबद्दल लोकांशी बोलावं म्हणून एक संस्था छोटंसं अनुदान द्यायची. धनगरांमध्ये अण्णांचा शब्द चालायचा, त्यामुळे ते त्यांना मिळालं. त्यांनी माईक घेतला, सतरंजी घेतली, सतरंजीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं आणि सभा आपल्याच अंगणात भरवायला सुरुवात केली.

बोलायचे मात्र झकास. "बाईचं शरीर म्हंजे काय मशीन हाय व्हय? दोन लेकरं झाली की बास करा. पोरगी झाली म्हणून रडायलाव कामून?" बायका पदराआड हसायच्या, म्हातारे माना डोलवायचे, संस्थेचे साहेब फोटो काढायचे. माझं डोकं तापायचं.

कारण सभेला चहा आणायची ती त्यांची सून, शेवंता. तिला तीन मुली. तिसऱ्या वेळी इतका रक्तस्राव झाला होता की डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुन्हा दिवस राहिले तर ही वाचायची नाही. ऑपरेशनचा विषय मी अण्णांकडे काढला.

"घरातलं घरात ऱ्हाऊ द्या, सिस्टर," ते म्हणाले. "सभा येगळी. मला नातू पाहिजे."

शेवंताचा नवरा बापापुढे तोंड उघडत नसे. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, अशी तर घराची रीतच होती.

एका सभेत अण्णा डोळे मिटून रंगात आले होते. शेवंता चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात थांबली.

"मामा," ती म्हणाली, "हे माझ्यासाठी बी हाय का?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस डोळे उघडेल. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. "तर माय-बहिणींनो," असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं. शेवंताने ताट खाली ठेवलं आणि सतरंजीवर, बरोबर त्यांच्या नावावर, माझ्याशेजारी येऊन बसली.

"उद्या जाऊ का, अक्का?" तिने हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात, आळंदला घेऊन गेले. ऑपरेशन झालं. टाके निघाले तसं अण्णांनी तिला तिन्ही मुलींसकट मादन हिप्परग्याला माहेरी घालवून दिलं. नर्सबाईनं घर फोडलं, असं गावभर सांगितलं. मला कुणी दारात उभं करेना. पुढच्या सभेत पुन्हा तेच, बाईचं शरीर म्हंजे काय मशीन हाय व्हय. त्या दिवशी मला त्यांची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

गेल्या वर्षी अण्णा वारले, तेव्हा मीही गेले होते. मयताला बसवून ठेवायच्या तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांना हार घालून ओसरीवर भिंतीला टेकवलं होतं. शेवंता मुलींना घेऊन आली होती. अंगावर चांगलं लुगडं, तब्येत सुधारलेली. ती माझ्याजवळ उभी राहिली.

"कसं शांत बसल्यात बघा अण्णा, डोळे मिटून," शेजारचे एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले.

"असंच बसायचे की," शेवंता म्हणाली, आणि मुलींना घेऊन बस पकडायला निघाली.