वड्यांची खरवड
दूध जरासं तळाला लागल्याचा वास आला की मला लोणावळ्याचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर. महिनाभर आम्ही गुळाचा चहा प्यायलो आणि वाचवलेल्या साखरेतून आईनं दुधाच्या वड्या करायला घेतल्या. फौजेत गेलेला माझा थोरला भाऊ त्या दुपारी देहूरोडहून मुंबईला निघणार होता, आणि घाट उतरण्याआधी गाडी आमच्या स्टेशनात थोडा वेळ थांबायची. “हात थांबवू नकोस हं,” म्हणत आईनं कालथा माझ्या हाती दिला नि ती लुगडं बदलायला गेली. मी मात्र स्टेशनवर मिरवायला अबोलीची वेणी माळत बसले, तेवढ्यात शेगडीवर घात झाला. आईनं वरचं वरचं थापून वड्या पाडल्या, पण मी हटूनच बसले, “असल्या करपट वड्या घेऊन मी नाही येत.” ती एकटीच गेली. मी रागारागानं तळाची खरवड मोरीत टाकली आणि पातेलं राखेनं घासून पालथं घातलं. आई परतली, पाय धुऊन आत आली. मग म्हणाली, “डबा उघडल्या उघडल्या विचारलं त्यानं, खरवड कुठंय, आणि तिच्यासाठी भांडणारी कुठंय?” त्या गाडीनं गेलेला भाऊ परत आला नाही. आता माझ्या वड्या इतक्या छान होतात, की पातेल्याला खरवड म्हणून उरत नाही.