कापलेला मफलर

माझे थोरले दीर, आमचे भाऊजी, यांनी एकतीस चाकू जमवले होते. सगळे घडीचे, पातं मिटून मुठीत बसणारे. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्यांत कपाट एकच, आणि त्याचा मधला खण या चाकूंनी अडवलेला. माझे कपडे दीड वर्ष ट्रंकेत राहिले. त्या दीड वर्षात मी भाऊजींना मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली.

त्यांचं लग्न झालं नाही त्याचं खापरही घरात चाकूंवरच फुटायचं. मुलीकडची माणसं भेटायला आली होती. मुलीनं सहज विचारलं, "तुम्हाला आवड कशाची?" झालं! गडी उठला आणि चाकू ठेवलेली फलाटीनच्या कापडाची गुंडाळी टेबलावर उलगडून बसला. हा माळ्याचा, वाकड्या पात्याचा, कलमं करायचा. हा खलाशाचा, दोराच्या गाठी सोडवायला टोचा असलेला. हा गुरांच्या डॉक्टरचा. मूठ कशाची, खीळ पितळेची की लोखंडाची, सगळं साग्रसंगीत. पाहुणे अर्धा चहा टाकून गेले. "निदान मिटलेले तरी दाखवायचे होतेस रे," असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

रोज खिशात असायचा तो शिंगाच्या मुठीचा, बोटभर पात्याचा. तो त्यांनी जुन्या बाजारात पायातले बूट देऊन घेतला होता आणि त्या दिवशी अनवाणी घरी आले होते. त्याच्या वजनानं खिसा फाटायचा, म्हणून प्रत्येक पँटला मी आतून जाड अस्तर लावून द्यायची. माझ्या मुलींच्या पेन्सिली, पायात रुतलेली काच, पार्सलांची सुतळी, सगळं त्याच चाकूनं व्हायचं. दुसऱ्याला देताना मात्र मिटवूनच द्यायचे. "उघडं पातं माणसाकडे करू नये," म्हणायचे.

चादरींच्या कारखान्यात, कापड गुंडाळायच्या यंत्रावर, त्यांची सव्वीस वर्षं गेली. रुळाला सूत अडकलं की चटकन कापावं लागतं. कंपनीची कात्री खात्याच्या दुसऱ्या टोकाला साखळीनं बांधलेली, आणि इतकी बोथट की तिनं लोणीसुद्धा कापलं नसतं. 'धारदार वस्तू आणू नये' अशी पाटी भिंतीवर होती. पाटीखाली उभे राहून सगळे भाऊजींचा चाकू मागून घ्यायचे. सुपरवायझरसुद्धा.

थंडीतली सकाळ होती. सुपरवायझर साहेब कापडाची कड बघायला वाकले आणि त्यांच्या मफलरचं टोक रुळात गेलं. त्यांनी यंत्र थांबवायचं लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं. ते चार महिने बंदच होतं. भाऊजींनी स्वतः तक्रारवहीत दोनदा लिहिलं होतं. साहेबांचे डोळे बाहेर यायला लागले. भाऊजींनी गळा आणि मफलर यांच्यामध्ये डाव्या हाताची दोन बोटं घातली आणि उजव्यानं कापलं. त्यांच्या बोटाला खोल चीर गेली. साहेबांच्या कानाखाली नखाएवढी जखम झाली. पण माणूस वाचला.

संध्याकाळी साहेबांची बायको आमच्या घरी आली. भाऊजींचे दोन्ही हात धरून रडली. आठ दिवस भाऊजींचा नुसता उदो उदो चालला होता. ते लाजून म्हणायचे, "मी काय केलं? धार चांगली होती."

मग चौकशीची वेळ आली. बाहेरून अधिकारी येणार म्हटल्यावर एका दिवसात बटण दुरुस्त झालं. तक्रारवहीतली ती पानंही दिसेनाशी झाली. भाऊजींना ऑफिसात बोलावून टाइप केलेला कागद दिला. त्यात लिहिलं होतं, मी नियम मोडून चाकू आणला, त्यानं साहेबांना जखम झाली, माफी असावी. सही केली की प्रकरण मिटलं, असं तोंडी सांगितलं.

कागद घरी आणून ते म्हणाले, "जखम झाली, हे ठीक. गळा सुटला ते कुठं लिहिलंय?"

तीन दिवस कागद टेबलावर पडून होता. माझे यजमान त्याच कारखान्यात रंगखात्यात. त्यांनाही कुणीतरी सुचवलं होतं, भावाला समजाव. त्यांच्याच्यानं बोलवेना. मग मीच म्हटलं, "भाऊजी, एका सहीनं काय जातंय? यांचीही नोकरी तिथंच आहे. तुमच्या ताठपणापायी आम्ही कुठं जायचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पेन मागितलं आणि सही केली.

त्याच कागदाच्या जोरावर त्यांना कामावरून काढलं. चौकशीत साहेबांचा जबाब वाचून दाखवला गेला. बटण चालू होतं, ते दाबायच्या आधीच यानं चाकू चालवला, गळ्यावरची खूण चाकूचीच. भाऊजी समोर बसले होते. साहेबांनी एकदाही मान वर केली नाही. वर्षभरात ते मॅनेजर झाले.

काढल्याच्या पत्रात शब्द होता, 'हत्यार बाळगणे'. बावन्नाव्या वर्षी असलं पत्र घेऊन फिरणाऱ्याला कोण उभं करणार? दोन-तीन ठिकाणी पत्र वाचून लोक त्यांच्या खिशाकडे बघायला लागले. मग त्यांनी फिरणंच सोडलं.

एका दुपारी मोरीतून खरखर ऐकू आली. बघते तर भाऊजी पाटावर बसून कानशीनं चाकूंच्या धारा बोथट करत होते. एकेक पातं उघडायचं, धार घासून सपाट करायची, अंगठा फिरवून बघायचं, मिटवायचं. "अहो, हे काय करताय?" मी विचारलं. "आता ही हत्यारं नाहीत," ते म्हणाले. चार दिवस हेच चाललं. एकतीसच्या एकतीस.

सहा वर्षांनी साहेब दारात आले. निवृत्त झालेले, बारीक झालेले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मला नोकरीची भीती घातली होती हो. माझी तीन मुलं शिकत होती. मला माफ करा."

भाऊजींनी त्यांना पाणी दिलं. म्हणाले, "तुम्हाला वाचवलं याचा मला अजून पस्तावा होत नाही. पण तुम्ही असे येत राहिलात तर होईल. तेव्हा पुन्हा येऊ नका."

साहेब उठले. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. परत आले तर भाऊजी पेला विसळत होते. माफी मागायला मलाही हीच वेळ बरी होती. शब्द तोंडाशी आले, आणि मी विचारलं, "पोळ्या आत्ता करू की थांबू?"

"करा," ते म्हणाले.

पुढे ते नऊ वर्षं जगले. रोज माझ्या हातचं जेवले. मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मी कधी विषय काढला नाही. साहेबांना ते 'पुन्हा येऊ नका' म्हणू शकले. मी तर त्याच घरात होते.