फेरे नसलेलं लग्न

ती दुपार आठवली की आजही माझे कान गरम होतात.

जयपूरच्या झोटवाड्यात मी ठाणेदार होतो. वडील बँकेच्या बदलीने जयपूरला आले, मी इथेच शिकून पोलिसात लागलो. त्यामुळे मराठी माणसांबाबतचा ठाण्यातला एकमेव तज्ज्ञ मीच! धर्मांतरविरोधी कायदा नवा होता. निनावी फोन आला: एका मराठी रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी पांढऱ्या कपड्यांतली माणसं एका मुलीचा धर्म बदलताहेत. लेखी तक्रार नव्हती. तरी मी जीप काढली आणि बुटांसकट त्या घरात शिरलो.

समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, पांढऱ्या साडीतली मुलगी. लग्न आहे, म्हणाले. होम नाही, फेरे नाहीत, भटजी नाही. तज्ज्ञाने निकाल दिला, हे लग्न नव्हे. मुलीचे वडील आणि नवरा मुलगा, दोघांना ठाण्यात आणलं.

"आजवर किती जणांचा धर्म बदललात?" मी दरडावलं.

"एकाचाही नाही," वडील म्हणाले. "माझ्या वडिलांनी स्वतःचा बदलला, नागपुरात. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तुम्हाला यायला जरा उशीरच झाला, साहेब."

हवालदाराला खोकला आला.

"पुरावा?"

"तुमच्या धर्माचा असतो का खिशात?"

नवरा मुलगाही रेल्वेत. "सर, अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिलो तर निलंबन होईल माझं," तो कसाबसा म्हणाला. खरंच होतं ते. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन: "गुन्हा दाखल करा. सोडलंत तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"मराठी ना तुम्ही?" वडिलांनी विचारलं. "बौद्ध लग्न पाहिलंच नाही कधी?"

गेलो होतो की, शाळासोबत्याच्या! त्यालाच फोन लावला. "तुझ्या लग्नात फेरे होते का रे?"

"फेरे? गाढवा, पंचशील घेतलं, हार घातले, झालं लग्न. तू तेव्हा श्रीखंडाच्या पंगतीत पहिला बसला होतास!"

इतक्यात ती मुलगीच ठाण्यात आली, हातात शाळेचा दाखला. धर्म: बौद्ध.

"सांगा ना सर, मतलब, बदललं काय?"

मी दाखला तिला परत दिला. तिघांना माझ्याच जीपमधून घरी नेलं. या वेळी बूट बाहेर काढले, टोपी हातात घेतली आणि विधी संपेपर्यंत मागे उभा राहिलो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते चालू असताना खिशातला फोन थरथरत होता. वरिष्ठच.

ठाण्यात परतून स्टेशन डायरीत लिहिलं: 'धर्मांतर आढळले नाही. लेखी तक्रारीविना कारवाई केली. चूक माझी.' महिन्याभरात शहराबाहेर, बस्सीला बदली झाली.

धर्माचं स्वातंत्र्य संविधानाने दिलंय, कायदे करायचा अधिकार सरकारला आहे. पण दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर एक ठाणेदार उभा असतो, आणि त्याला जे ठाऊक नसतं ते सगळं त्याला गुन्हा वाटतं.

त्या लग्नातही श्रीखंड होतं. आग्रह झाला, पण या वेळी मी पंगतीत बसलो नाही.