उन्हाळ्यात कमावलेला चौदा

गोल्फमध्ये कमी फटक्यांत खेळ संपवणारा जिंकतो आणि हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. आकडा मोठा, तर सूट मोठी. माझा बावीस होता आणि अकोल्याच्या माझ्या साडभाऊचाही बावीसच. दरवर्षी गणपती उठले की बडनेऱ्याजवळच्या आमच्या लहानशा मैदानावर आम्हा दोघांचा सामना होतो. हरणाऱ्याने सगळ्या सासुरवाडीला वावरात रोडगे खाऊ घालायचे, तेही स्वतः गोवऱ्यांवर भाजून. आजवर दरवर्षी मीच भाजले. रोडगा करपला की सासूबाई आता चौकशी न करता माझ्याकडेच बघतात.

यंदा जिंकायचंच म्हणून मी एप्रिल-मेच्या भर उन्हात सराव केला. आमची काळी जमीन तेव्हा तापून तव्यासारखी कडक होते. चेंडू पडला की डांबरी रस्त्यावर पडल्यासारखा पळत सुटतो. भेगेत गेलाच, तर उचलून बाहेर ठेवायची मुभा. मला वाटलं, आपला खेळ सुधारला. एकूण एक स्कोअर मी इमानदारीने मोबाईलवर नोंदवला. त्यावरूनच ठरणारा हँडिकॅपचा आकडा उतरत उतरत चौदावर आला तेव्हा क्लबात पेढे वाटले, एक डबा अकोल्यालाही धाडला. साडभाऊ उन्हाळाभर कूलरपुढे लोळत होता. त्याचा बावीस जागचा हलला नाही.

पेढे खाऊन त्याचा फोन आला. आधी अभिनंदन केलं, मग शांतपणे म्हणाला, "म्हंजे भाऊ, यंदा आठ फटके तुमी मले देऊन राह्यले."

हा हिशोब तोवर माझ्या डोक्यातच आला नव्हता.

मग मी अक्कल चालवली. पावसात चेंडू पडेल तिथे रुततो. तेव्हा खेळायचं, भरपूर वाईट स्कोअर नोंदवायचे, आकडा आपोआप चढेल. एका रविवारी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी आलो, तर मोबाईल स्कोअर घेईना. सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, पावसाळ्यात आपल्याकडे नोंद बंद असते, मैदान धड नसतानाचा स्कोअर धरत नाहीत, बोर्डावर सूचना आहे की. ती सूचना मीच लावली होती. वाचली नव्हती.

सामना झाला. मैदान अजून मऊ होतं, चेंडू पळायचं नाव घेत नव्हता. तरी खरे फटके मोजले तर मी साडभाऊपेक्षा पाच कमी मारले, आयुष्यात पहिल्यांदाच. सूट धरली तर तीनने हरलो.

नांदगाव खंडेश्वरला सासऱ्यांच्या वावरात गोवऱ्या पेटवल्या. साडभाऊ खाटेवर बसून मला सल्ला देत होता, "आता हिवाळ्यात खेळा. दवात चेंडू पळत नाई. तुमचा आकडा जाते वापस बावीसवर."

सल्ला बरोबर होता. तेवढ्यात पलीकडे बायको तिच्या मामांना सांगताना ऐकू आली, "यांचा चौदा आहे, मामा. लई कमी लोकायचा असते." धुराने डोळे चुरचुरत होते, तरी मी रोडगा जरा ऐटीत उलटला.

हिवाळाभर मैदानाकडे फिरकलो नाही. पुढच्या वर्षीच्या गोवऱ्या मात्र सांगून ठेवल्या आहेत.