झाकलेल्या कॅमेऱ्यातला फोटो

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही ठेवायचा नाही असंच ठरवलंय. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागत नाही... शिक्षण आठवीपर्यंतच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. सध्या चिमूर तालुक्यात, जंगलाला चिकटलेल्या एका गावात नोकरीला आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. काम म्हणजे वाघाची सूचना देणारी यंत्रणा बघायची. जंगलाच्या कडेला कॅमेरे आहेत, गाईंच्या गळ्यात पट्टे आहेत. गाई पळाल्या की पट्टा कळवतो. पण गाई कुत्र्यालाही भिऊन पळतात. म्हणून सर्व्हर दोन्हीकडच्या खबरा जुळवतो. गाई पळाल्या आणि त्याच सुमारास जवळच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, तरच तो भोंग्याला आणि गावात फोन लावणाऱ्या सर्व्हिसला हुकूम सोडतो. एकट्या खबरेवर काहीच हलत नाही. ही नोकरी वनखात्यातल्या साहेबांनी दिली, आणि आपल्या घरात जागा दिली गावातल्या शेवंताबाईंनी. दोघांचे उपकार फिटायचे नाहीत.

मोहफुलांच्या दिवसांत गावसभेत एक ठरलं होतं. बायका फुलं वेचायला गेल्या की झाडाजवळच्या खांबावरच्या कॅमेऱ्यावर जुनं लुगडं बांधायचं, निघताना सोडायचं. सकाळभर वाकून काम, मध्येच आडोशाला जाणं... कुणी बघत बसू नये म्हणून. साहेबांनाही ते मान्य होतं. माझ्या स्क्रीनवर त्या कॅमेऱ्याची चौकट तेवढा वेळ काळी असायची.

त्या दिवशीही काळीच होती. ऊन वर आलं होतं. गाई पळाल्याची खबर आली आणि मी फोन उचलतोय तोवर भोंगा वाजलासुद्धा! पाठोपाठ काळ्या चौकटीत फोटो आला. मोहाचं झाड, चार बायकांच्या पाठी, मागे गवतात दबून बसलेला वाघ. शेवंताबाईंचं त्या दिवशीचं हिरवं पातळ स्पष्ट दिसत होतं.

भोंगा ऐकून बायका टोपल्या टाकून रस्त्याकडे पळाल्या. वाचल्या. फोटोत वाघ होता तिथेच वनरक्षकाला ताजे ठसे सापडले.

साहेब आणि मी कॅमेऱ्यापाशी गेलो, तर लुगडं तसंच गुंडाळलेलं. गाठही घट्ट.

"खरं सांग," साहेब म्हणाले, "काय केलंस?"

"साहेब, मला त्यात फोटो घालता येत नाही. नोकरीची शपथ."

नागपूरहून इंजिनिअर आला. त्याने सगळं तपासलं, माझा मोबाइलसुद्धा. शेवटी म्हणाला, "फोटो याच कॅमेऱ्याचा आहे, वेळही बरोबर आहे. फक्त तो निघायला नको होता." जाताना माझ्याकडे असं बघून गेला, की मला माझाच संशय यायला लागला.

खरा त्रास पुढे सुरू झाला. एका संध्याकाळी शेवंताबाई भात वाढत होत्या. शेजारच्या रुखमाबाई दारात होत्या. शेवंताबाईंनी विचारलं,

"भाऊ, तुले एक पुसू? लुगडं मीच बांधलं होतं. मंग आमी तुले दिसलो कशा?"

"मला आधी नाही दिसलात, बाई. तो फोटो येईपर्यंत चौकट काळीच होती."

"त्या मशिनीले दिसते अन् तुले नाई दिसत?"

"उगाच लुगडं वाया घालवून राह्यलो," रुखमाबाई म्हणाल्या. "खांबाले नेसवलं म्हनाचं."

दोघी हसल्या. मीही हसलो. पण शेवंताबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "जीव वाचला, खरं हाय. पन त्या दिवशी दिसलो... मंग रोजच दिसत असू तं?"

मलाही माहीत नाही. लुगड्याआडून फोटो कसा निघाला, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. इंजिनिअरने फोन उचलणं बंद केलंय.

त्या दिवसापासून बायका नाल्यापलीकडे फुलं वेचायला जातात. तिथे जंगल दाट आहे. कॅमेरा नाही, भोंगाही ऐकू जात नाही. माझं जेवण शेवंताबाई अजून देतात, पण ताट ओट्यावर ठेवतात आणि आत जातात.

काल धीर करून म्हणालो, "बाई, तिकडे नका जाऊ. वाघ आहे."

टोपली डोक्यावर घेत त्या म्हणाल्या, "हाय ना. पन तिकडे वाघच पाह्यते, दुसरं कोनी नाई."